पिलबागेची पाळी

जळगाव
२ ऑगस्ट १९९७

अर्धी चिठ्ठी निघाली, अर्धी पुठ्ठ्यालाच राहिली आहे. ब्लेडने खरवडते आहे आणि मध्ये थांबून हे लिहिते आहे. बोटांना डिंक आहे. कागदाला लागेल. लागू दे.

आपण टाचण्या वापरायचो, लीलाधर. टाचण्या टोचता याव्यात म्हणून ऑफिसच्या भिंतीवर जाड पुठ्ठे तू स्वतः ठोकलेस. चार रकाने आखलेस : घ्यायचं, चालू, चाचणी, झालं. एका कामाची एक चिठ्ठी. काम पुढे गेलं की चिठ्ठी पुढे, चुकलं की मागे. "मागे यायला लाज नाही," असं तू अभिमनला सांगितलंस, तो देवपूरहून पहिल्यांदा कामावर आला त्या दिवशी. मी चहा गाळत होते. मला अभिमान वाटला होता. तो शब्द आता लिहितानासुद्धा जीभ कडू होते.

आणि दुसरा नियम. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने चिठ्ठी "झालं"मध्ये न्यायची नाही. लिहिणार तू, तपासणार मी. शेवटच्या रकान्याला हात माझा.

मी भिकुबाई मावशीच्या ऑपरेशनसाठी अमळनेरला गेले. परत आले तर पिलबागेची चिठ्ठी "झालं"मध्ये, आणि तू पुण्याला.

अभिमनला विचारलं. तो की-बोर्डकडे बघत म्हणाला, "अक्का, मी टाचणी पुढे केली होती. भाऊ म्हणाला, डिंक दे."

चिठ्ठी चुकून पुढे गेली, असं तू म्हणू शकला असतास. डिंक चुकून लागत नाही.

आपण दोघं भावंडं केळीवाल्याच्या घरात जन्मलो, तुला पिलबाग समजवायला नको. तुझ्या प्रोग्रॅमला समजवायला हवी. मृगबाग जूनमध्ये लावतात, कांदेबाग दिवाळीच्या आगेमागे. दोन्हींना लागवडीची तारीख असते. पिलबागेला नसते. पहिला घड कापला की बुंध्याशी जे पील उरतं, त्याच्यावरच दुसरी बाग धरतात. ती कोणी लावलेली नसते. म्हणून फॉर्मात तारखेची जागा रिकामी राहते आणि तुझा प्रोग्रॅम रिकाम्या तारखेला सगळ्यांत जुनी समजतो. गावच्या केळी विक्री संघाची माणसं नेहमीच्या शनिवारी पाहायला आली तेव्हा सगळ्या पिलबागा कापणीच्या पाळीच्या यादीत डोक्यावर होत्या. हसले ते. "कच्चा माल दिल्लीला धाडता का?" म्हणाले. तेव्हा चिठ्ठी "चाचणी"मधून मागे आली. बरोबर आली. त्यासाठीच ते शनिवार होते.

मग मी नसताना तू काय केलंस? रिकामी तारीख दिसली की तिथे आजची तारीख घालायची. यादी काढली, पिलबागा खाली गेल्या, यादी शहाण्यासारखी दिसली. तू डिंक मागितलास.

मी कॉम्प्युटरची तारीख एकेक दिवस पुढे करत रोजची यादी काढली. ऑक्टोबर संपेपर्यंत. रोज पिलबाग तळाशी. कारण रोज तिला त्या दिवसाची तारीख मिळते. तुझ्या प्रोग्रॅममध्ये पिलबाग रोज सकाळी नव्याने लागते. तिचं वय शून्य. ती कापणीला कधीच येत नाही.

तू एका दिवसाची यादी पाहिलीस. एका दिवसात कोणतीही बाग पिकत नाही, लीलाधर.

मी स्वतः दुरुस्त केलं असतं. मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या कपाटात नाहीत. मशीनवर फक्त चालवायची फाईल आहे, जी उघडून वाचता येत नाही. फ्लॉप्या तू नेल्यास. विसरून नेल्यास असं मी धरून चालते आहे, कारण दुसरं काही धरलं तर हे पत्र वेगळं होईल.

फ्लॉप्या पाठव. किंवा ये. संघ गणपतीला पाळ्या हाताने काढायची जुनी पद्धत बंद करणार आहे.

चिठ्ठी मी नवीन लिहून "चाचणी"मध्ये लावली आहे. टाचणीने.

लता


जळगाव
१४ ऑगस्ट १९९७

लीलाधर,

तुझं पत्र मिळालं. फ्लॉप्या मिळाल्या नाहीत.

तू लिहितोस, "अक्का, आपण थोडं थोडं करून द्यायचं ठरवलं होतं. आत्ता चालू करून देऊ, पिलबागेचं पुढच्या फेरीत बघू." हो, ठरवलं होतं. एक तुकडा करायचा, तपासायचा, दाखवायचा, मग दुसरा. पहिला तुकडा पुरा असला पाहिजे, हे त्यात होतं. पिलबाग जमत नसेल तर तू सांगू शकला असतास की हा प्रोग्रॅम फक्त मृगबागेचा आणि कांदेबागेचा आहे, पिलबागेची पाळी अजून हाताने काढा. तेही थोडंच झालं असतं, पण खरं झालं असतं. तू सगळं दिलं असं सांगितलंस.

मंगळवारी मी सावदा मार्गे गावी गेले आणि तोताराम नानांना भेटले. संघात त्यांच्या चेअरमनच्या खुर्चीला आता टॉवेल आहे. समोर आणखी चारजण बसलेले. मी याद्यांचा गठ्ठा ठेवला.

"हे काय आणलं?"

"नाना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पाळ्यांच्या याद्या आहेत."

"आता तं ऑगस्ट चालू आहे. भविष्य सांगाले लागली का तू?"

चारजण हसले. एकाने हात पुढे केला, "माह्या पोराचं लगीन कधी व्हईन, ते बी पाहून दे."

मी सांगितलं की मशीनची तारीख पुढे केली आणि रोज काय होईल ते पाहिलं. पिलबाग शेवटपर्यंत वर येत नाही.

नानांनी गठ्ठा उलटा करून ठेवला. "तारीख खोटी टाकली, मंग यादी खोटीच निघीन ना, बापा."

यावर काय बोलायचं? तुला कळलं असतं. तुझी जीभ चालते, तुला कोणी हसत नाही. "भाऊ म्हनतो झालं," नाना म्हणाले, "बहीन म्हनते नाही झालं. घरात ठरवा आन मंग या. मी भिंत पाह्यली होती. चिठ्ठी 'झालं'मधी होती."

"ती मी परत मागे घेतली आहे."

"मंग ती भिंत काय कामाची?"

सांग, काय कामाची? वर्षभर दर दुसऱ्या शनिवारी ही माणसं धोतर सावरत आपला जिना चढली. आधी चहासाठी आली, मग भिंत पाहायला येऊ लागली. चिठ्ठी मागे गेली की कारण विचारायची. त्यांचा विश्वास तुझ्यावर नव्हता, माझ्यावरही नव्हता. चिठ्ठ्यांवर होता. तो तू एका दुपारी संपवलास.

बाहेर आले तर संघाच्या ओट्यावर पाळ्या वाचणं चाललं होतं. तू किती वर्षांत पाहिलं नाहीस. वाचणारा वना तसाच उभा, एक हात कानावर. उद्या कोणाची बाग कापायची, कोणाला ट्रक, एकेक नाव. नाव घेतलं की थांबायचं आणि विचारायचं, "कोनले काही सांगनं शे का?" कोणी म्हणतं, घरात सुतक आहे, माझी पुढे ढकला. कोणी म्हणतं, त्याचे घड अजून भरले नाहीत, मी काल पाहून आलो. बोलणं होतं, शिव्या होतात, पाळी ठरते. वना धुळ्याकडचा. त्याला गावात एक गुंठा जमीन नाही. वाचायला त्याला ठेवला तो त्याचसाठी. ज्याची बाग, त्याने पाळी वाचायची नाही.

तू तुझी भिंत इथूनच उचललीस. मला तेव्हाच ओळखू आलं होतं. मी बोलले नाही, कारण उचलण्यासारखीच गोष्ट होती.

वनाला म्हटलं, गणपतीपासून तुमचं वाचणं बंद होणार. तो तंबाखू मळत म्हणाला, "होऊ दे, बाई. मना घसाले आराम भेटी. पोरगीकडे धुळे जासू." त्याला दुःख नाही. दुःख मलाही त्याचं नाही. यादी दारावर चिकटवली की तिला कोणी प्रश्न विचारणार नाही, याची मला भीती आहे.

आबा बरे आहेत. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहायचं नाही, असं मला सांगण्यात आलं आहे.

फ्लॉप्या पाठव.

लता


जळगाव
२८ ऑगस्ट १९९७

लीलाधर,

एस.टी.डी. बूथमधल्या बाईंनी मला पाणी दिलं. एवढ्या मोठ्याने मी बोलत होते, हे मला बाहेर आल्यावर समजलं.

तू फोनवर सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं असं समजू नकोस. नानांनी आधीच सांगितलं होतं. पुण्याच्या कंपनीला संघाचं पत्र हवं आहे : लीलाधरने केलेला प्रोग्रॅम आमच्याकडे रोज वापरात आहे. ते मिळालं की तुझं नाव अमेरिकेच्या यादीत. तिथे दोन हजार साल येणार म्हणून लोक कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायला माणसं शोधताहेत. तू तारखा दुरुस्त करायला जाणार आहेस. मी हसले, तेव्हा तू फोन ठेवलास.

आता परत विचारते. शांतपणे विचारते आहे, अभिमन समोर बसला आहे.

तू मुलाखतीत सांगितलंस ना की चालू आहे? म्हणून संघाने चालू करायला हवं. आणि मी चूक दाखवली तर ते चालू करणार नाहीत. म्हणून फ्लॉप्या तुझ्याकडे. जोवर त्या तुझ्याकडे आहेत तोवर मी चूक दाखवू शकते, दुरुस्त करू शकत नाही. आणि दुरुस्त न करता नुसती चूक दाखवणारी बाई म्हणजे भांडकुदळ बाई. हे तू विचार करून केलंस की आपोआप झालं, एवढंच मला कळत नाही. आपोआप झालं असेल तर जास्त वाईट.

"एक महिना थांब अक्का, मग मी स्वतः येऊन करून देतो." घड कोणासाठी महिनाभर थांबतो? तू लहानपणी ट्रकच्या मागे धावायचास, उरलेल्या फण्या मिळाव्यात म्हणून. किती काळ्या पडलेल्या असायच्या त्या? एका दिवसाच्या?

मी एक आडवाट करून पाहिली. फॉर्मात पिलबागेला तारीख हाताने घालावी, आधीचा घड कापला त्या दिवसाची. पण "पील" लिहिलं की तुझा कर्सर तारखेची जागा ओलांडून पुढे जातो. तिथे लिहिताच येत नाही. ते दार तू आधीपासूनच बंद करून ठेवलं आहेस. नाना म्हणतात, मग पिलबागेला मृगबाग लिही. दिल्लीच्या व्यापाऱ्याला मृगबाग म्हणून पावती द्यायची आणि ट्रकमध्ये पिलबाग भरायची. मी नाही म्हटलं. तुझ्या एका खोट्यावर माझ्याकडून दुसरं घालून घेणार नाही.

रोज सकाळी आपण चहा उभ्याने प्यायचो. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. तिघेजण, एक कप संपेपर्यंत. अभिमन आणि मी अजून उभे राहतो. तो सांगतो, मी सांगते. "कुठे अडलं" आलं की दोघेही कप विसळायला वळतो. माणूस समोर नसताना त्याचं नाव घेणं बरं दिसत नाही.

लता


मुक्काम गाव
१० सप्टेंबर १९९७

लीलाधर,

गणपतीच्या दिवशी चालू झालं. नारळ फोडला. मशीनला हार घातला, त्यातलं एक फूल प्रिंटरच्या रिबनमध्ये अडकलं. नानांनी भाषणात तुझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. आई रडली, आनंदाने. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बी हास ना थोडी." वना दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेला.

यादी रोज दुपारी संघाच्या दाराला लागते. नाव, बाग, वय, पाळी. लोक येतात, आपलं नाव शोधतात, जातात. ओट्यावर आता कोणी थांबत नाही. मृगबागेच्या पाळ्या बरोबर निघताहेत, हे मी लिहिते, कारण ते खरं आहे. तेवढा भाग तू चांगला केलास. म्हणूनच कोणी ऐकत नाही.

पिलबागांपुढे वय छापून येतं : शून्य.

आजवर तुला लिहिलं नाही ते आता लिहिते. आबांची या वर्षी पिलबाग आहे. नदीकडचं सगळं शेत. तू विचारलं नाहीस आणि त्यांनी मला शपथ घातली होती. "त्याले कळलं तं त्याचं मन लागनार नाही तिथी," म्हणाले. मी शपथ पाळली, तू खुशाल राहिलास. आज मोडते आहे.

काल त्यांच्याबरोबर शेतात गेले. वरच्या फण्यांच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. झाडावर पिवळं पडलेलं केळं ट्रकमध्ये चढत नाही, हे सांगायला नको. दिल्लीपर्यंत त्याचा लगदा होतो. आबा एका घडाखाली उभे राहिले, हात लावून पाहिला, आणि पुढे गेले. दुसऱ्याला हात लावला नाही.

मी म्हटलं, "आबा, संघात जाऊन सांगा. तुमची पाळी पहिल्याच यादीत यायला हवी होती."

"काय सांगू?"

"की यादी चुकते आहे."

"माह्या पोराईनं केलेली यादी. मी कसा म्हनू चुकली?"

"मीच म्हणते आहे ना चुकली."

"तू म्हन. तू तपासनारी आहे. मी बाप आहे." मग पुढे चालत, "मशीन म्हनते शून्य, तं व्हईन शून्य. माह्याच डोयाले पिवळं दिसत असन."

ते टोमणा मारत नव्हते. मी त्यांचा चेहरा पाहिला. गावात कोणाची बाग कधी तयार होईल ते बांधावरून सांगणारा माणूस, आपल्या मुलाच्या अब्रूसाठी आपले डोळे खोटे ठरवायला निघाला होता. तुला कधी राग आला आहे का, लीलाधर? म्हणजे स्वतःच्या कामासाठी नाही. असाच, दुसऱ्या कोणासाठी.

सुगंधाबाईंची पण पिलबाग आहे. त्यांनी काल संघात जाऊन प्रिंटरवर हात आपटला. "काल शून्य, आज शून्य! पोटातलं पोरगं बी एवढं थांबत नाही रे!" क्लार्कने त्यांना पाणी पाजून घरी पाठवलं. त्या आमच्या दारावरून गेल्या, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं. आबा ओसरीवर होते म्हणून काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

फ्लॉप्या आता मागत नाही. या मोसमाला त्यांचा उपयोग नाही. आज दुरुस्ती केली तरी आधी ती तपासावी लागेल, आणि तपासायला दिवस लागतात. मशीनची तारीख पुढे करून चूक दिसते, पण यादी बरोबर आहे का ते खऱ्या बागांशी ताडूनच कळतं, आणि बाग दिवसांनीच मोठी होते.

मला यादी बंद करायची आहे. ती बंद झाली की तुझं पत्र जाईल, अमेरिका जाईल, हे मला माहीत आहे. मी ते मोजलं नाही असं म्हणू नकोस. मी चार रात्री तेच मोजते आहे आणि दर वेळी आबांचा हात घडावर दिसतो.

तुला एक संधी देते. शनिवारपर्यंत नानांना फोन कर आणि तूच सांग. तुझ्या तोंडून आलं तर ते दुरुस्ती होईल. माझ्या तोंडून आलं तर भांडण.

लता


मुक्काम गाव
१६ सप्टेंबर १९९७, संध्याकाळ

लीलाधर,

शनिवार गेला. रविवार गेला. नानांना तुझा फोन आला नाही. आला असता तर मी हे लिहीत नसते.

आज दुपारी यादी दाराला लागली आणि मी ती काढली. फाडली नाही, तसं तुला कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. चारही कोपरे सोडवून घडी घातली. क्लार्क ओरडला. माणसं जमली. नाना आले.

मी ओट्यावर चढले. त्या ओट्यावर बाई चढलेली मी पाहिलेली नाही. मी म्हणाले, "हा प्रोग्रॅम तपासायचं काम माझं आहे. मी झालं म्हटलेलं नाही. पिलबागेची चाचणी झालेली नाही. चूक आहे, मला सापडली आहे, आणि ती आत्ता काढता येत नाही. तोवर ही यादी वापरू नका."

नाना म्हणाले, "पोरी, खाली उतर. भावाचं वाटोळं करून राह्यली तू."

"भावाने चूक दडवली, नाना."

हे मी म्हटलं. गावापुढे, आबांपुढे. ते मागे लिंबाखाली उभे होते. तुला हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मी सांगते आहे : शब्द हेच होते.

मग सुगंधाबाई. त्या बोलू लागल्या की थांबत नाहीत. "मी हिच्या घरावरून रोज जाते, हिला शिव्या देत जाते! आज पह्यल्यांदा कोनी बोललं!" त्यांच्या मागून आणखी पिलबागवाले. आठवडाभर प्रत्येकाने दारावर एकट्याने शून्य वाचलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्याचंच चुकलं असेल.

नाना बराच वेळ टॉवेलने मान पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं. उद्याची पाळी वाचा मंग तोंडाने. वना कुठी आहे?"

वना धुळ्याला. त्याच्याशिवाय कधी कोणी वाचलेलं नाही. इकडेतिकडे पाहिलं, सगळे बागवाले. कोणी म्हणालं, क्लार्कने वाचावं. त्याच्या सासऱ्याची बाग यादीत. कोणी म्हणालं, "ही वाचीन ना. जीवरामची पोरगी. वर तं चढलीच आहे."

"जीवरामची बाग आहे ना पन," दुसऱ्याने म्हटलं.

"जीवरामची आहे, हिची कुठी आहे? सातबाऱ्यावर लीलाधरचं नाव आहे. हिचं काय आहे? काही नाही."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत. गोष्ट खरी होती आणि सोयीची होती. माझ्या नावावर काही नाही, म्हणून मी वाचायला चालते. तुझ्या नावावर सगळं आहे. या गावाच्या नियमाने तू कोणत्याच गोष्टीला कधी "झालं" म्हणू शकत नव्हतास. मला तिथे उभं राहून हे कळलं आणि मला आनंद झाला नाही.

मी वाचलं. काढलेल्या यादीची घडी उघडून त्यातली नावं. क्लार्क बाजूला लिहीत होता. एकेक नाव, मग थांबायचं. "कोणाला काही सांगायचं आहे?" माझा आवाज वनासारखा पोचत नाही, दोनदा विचारावं लागलं. लोकांना सवय मोडायला आठवडा लागला होता. परत लागायला पाच नावं लागली. मग बोलू लागले. अमक्याची बाग मी पाहिली, दोन दिवस थांबू शकते. तमक्याची नाही थांबू शकत. बांधाबांधावरून पाहिलेलं सगळं बाहेर यायला लागलं.

पिलबागांची नावं लोकांनीच वर घेतली. सगळ्यांत आधी आबांची आली. सगळ्यांनी पाहिली होती ती बाग. मी वाचलं, "जीवराम, नदीकडची, पिलबाग, उद्या सकाळी." आणि नियमाप्रमाणे विचारलं.

आबांनी हात वर केला.

"मले सांगाचं आहे. माही शेवटी टाका."

नाना म्हणाले, "जीवराम, तुही बाग गेली मंग."

"जाऊ द्या. चूक माह्या घरातून आली. आधी लोकाईचं कापा."

मी थांबले. मी जितकं थांबायला हवं त्याहून जास्त थांबले, की कोणीतरी नाही म्हणेल. कोणी म्हटलं नाही. हरकत आली आणि तिला उत्तर आलं नाही, तर ती मान्य करायची असते. मी म्हटलं, "जीवराम, शेवटी." क्लार्कने लिहिलं.

घरी येताना ते माझ्यापुढे चालत होते. एकदाच बोलले. "बरोबर वाचलं तू." मला ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं, किंवा तुझ्यावर तरी. ते तुझ्यावर ओरडत नाहीत. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं आहे आणि मी ते करते आहे. या पत्राचं प्रत्येक वाक्य मी दोघांच्या वतीने ओरडते आहे.

संघ पुण्याला पत्र देणार नाही. मी तसं मागितलं नाही, नाना स्वतःच म्हणाले. कंपनीने मला विचारलं तर मी खरं तेच सांगेन : प्रोग्रॅम अर्धा चांगला आहे, अर्ध्याची चाचणी झाली नाही. तुला यात माझा सूड दिसेल. दिसू दे.

आई म्हणते, पत्राच्या शेवटी काहीतरी गोड लिही, मुलगा परक्या गावी आहे. मला सुचत नाही.

लता

१७ सप्टेंबर, सकाळ.
पत्र टाकायचं राहिलं म्हणून लिहिते. सकाळी सुगंधाबाईंची बाग कापली, दोन ट्रक भरले. आबांनी नदीकडचे पिकलेले घड स्वतः उतरवून म्हशींपुढे टाकले. घड धरायला मी होते.